समुद्रातला साळा

आम्ही तिघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे माझ्या साळ्याला काट्यावर मोजणं. बायकोच्या भावाला ज्वारीच्या पोत्यासारखा तोलून वाटेला लावणारा भाटवा साऱ्या वर्धा जिल्ह्यात मी एकटाच असेन, आणि त्यात माझं काही मोठेपण नाही, कारण तसा साळाही जिल्ह्यात एकच. आमची आंजीला पिठाची चक्की. दारातच आढ्याला मोठा काटा टांगलेला असे, पोती तोलायचा. साळा कामावर परत निघाला की सकाळी आधी त्या काट्याच्या पारड्यात मांडी घालून बसायचा, दोन्ही हातांनी साखळ्या घट्ट धरायचा आणि डोळे मिटून म्हणायचा, "लावा वजन, भाटवे." तो समुद्रात तेल काढायच्या कामावर होता. मुंबईहून तिथे हेलिकॉप्टरनं नेतात, आणि चढायच्या आधी माणूस न् सामान दोन्ही मोजतात. जास्त भरलं तर सामान खाली ठेवायला लावतात. खाली ठेवायचं ते आंजीतच ठेवू, मुंबईत चारचौघांत लाज नको, असं त्याचं म्हणणं. त्याची बहीण, म्हणजे माझी घरची, दुसऱ्या पारड्यात वजनं मांडायची. आणि भाऊ हलका भरावा, म्हणजे जवसाच्या चटणीचा एक डबा जास्तीचा मावेल, म्हणून त्याच्या पारड्याला खालून हळूच पायाचा अंगठा लावायची.

"बाई, पाय काढ. पारडं वर चाललं."

"वाळला असशील तू. तिथं काय खाऊ घालतेत तुले कोणाले ठाऊक."

"भाटवे, पाहा ना जी, खोटं माप करून राह्यली."

मी म्हणायचो, "माप खरंच हाये. साळाच खोटा निघाला."

त्या दिवशीही असंच झालं. आषाढ लागला होता. पारड्यातून उतरला तर त्याच्या पॅन्टला मागून पीठ लागलेलं. मिशीत पांढरे केस आलेला माणूस, पण तिनं त्याला लहान पोरासारखा उलटा फिरवला आणि थापट्या मारून पीठ झाडलं. "येजो रे लवकर," म्हणाली. "हव," म्हणाला. एसटी आली, तो गेला, आम्ही आत जाऊन दळणं लावली. ध्यानात ठेवावं असं त्यात काहीच नव्हतं. तरी मला तेच सगळ्यात जास्त ध्यानात आहे. ती दारात उभी, आणि तिच्या उजव्या हाताच्या तळव्याला लागलेलं त्याच्या पॅन्टचं पीठ.

माझ्या साळ्याइतका मरणाला भिणारा माणूस मी पाहिला नाही. आणि हा राहायचा कुठे, तर चारी बाजूंनी पाणी, खाली तेल आणि डोक्यावर रातंदिवस जळणारा जाळ, अशा लोखंडी मचाणावर. "शेतातल्या जागलीच्या माळ्यासारखंच असते जी," म्हणायचा, "फकत खाली ज्वारी नाई, समुद्र." पंधरवडाभर समुद्रात आणि पंधरवडाभर सुट्टी, अशी त्याची पाळी, पण इतक्या लांब आंजीला येणं वर्षातून दोन-तीनदाच. घाबरून राहायला त्यांना तिथे शिकवतच असत, आणि याला शिकवलेलं इतकं अंगी लागलं की सुट्टीत आला तरी उतरत नसे. एक जुनं पिवळं हेल्मेट त्यानं आणलं होतं. ते घालून अंगणातल्या कडुनिंबाखाली बसायचा. मी म्हटलं, "अबे, निंबोळी पडून कोणी मेलं का?" तर म्हणाला, "जो मेला तो सांगाले येत नाई, भाटवे." लग्नाला गेला की हातात अक्षता घेऊन आधी मांडवातून बाहेर पडायच्या वाटा मोजायचा. एकदा गावातल्या एका लग्नात एकच वाट निघाली, तर यानं कोणाला न विचारता मागच्या कनातीला चाकूनं उभी चीर दिली. आग काही लागली नाही. पण त्या चिरेतून पंगतीच्या आधी गावची कुत्री आत शिरली, आणि वरमाईनं आमच्या घराकडे पाहून जे शब्द काढले ते मी लिहीत नाही.

आमच्या चक्कीत त्यानं वाळूच्या बादल्या टांगल्या. तेवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण सुट्टीत एकदा तरी, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, तो पितळी ताट बडवायचा. ताट वाजलं की हातातलं काम टाकून कडुनिंबाखाली यायचं, हा नियम. मी इंजिन सोडून जायचो नाही, शिव्या देत उशिरा जायचो. दळणाला आलेली शेजारची म्हातारी तर उठायचीच नाही. "मले जळू दे बावा, पण माही ज्वारी दळून दे," म्हणायची. म्हैस निंबालाच बांधलेली असल्यामुळे कायम वेळेवर. पण सगळ्यात आधी यायची ती माझी घरची. कणकेचे हात तसेच, पदर खोचलेला, धावत. तिथे उभी राहून गंभीर तोंड करायची, आणि तो बोट दाखवून म्हणायचा, "एक." मग म्हशीला दोन. मला एकदा विचारावंसं वाटलं, म्हटलं, "तू काऊन धावते वं? तुले मालूम हाये, आग नाई काही नाई." ती म्हणाली, "तो मोजते न. कोणीच नाई आलं तं तो कोणाले मोजन?" लेकरू आम्हाला झालं नाही. हा तिच्यापेक्षा पुष्कळ लहान, तिच्या कडेवर वाढलेला. तिचं काय ते सगळं यातच आलं.

त्याच्या झोपेची एक वेगळीच तऱ्हा. तिथे मोठमोठी इंजिनं कधी बंद होत नाहीत. झालीच, तर झोपलेले सगळे दचकून उठतात, कारण आवाज थांबला म्हणजे काहीतरी बिघडलं. त्यामुळे याला शांततेची भीती बसली. आंजीची रात्र म्हणजे त्याला शिक्षा. बिचारा अंगणात फेऱ्या मारायचा आणि दुपारी माझ्या चक्कीत इंजिनाच्या बाजूला रिकाम्या पोत्यांवर येऊन पडायचा. तेव्हा आमचं डिझेलचं इंजिन होतं, आता विजेची मोटर आहे. पुक् पुक् सुरू झालं की दोन मिनिटांत याचा घोरण्याचा आवाज. दळण संपून मी इंजिन बंद केलं की धडपडून उठायचा, "काय झालं? काय झालं?" डोळे असे, जसा काही समुद्रातच पडला. ते पाहून माझी घरची रडकुंडीला यायची. मला म्हणायची, "पट्टा उतरवून ठेवा, दगड रिकामे घासू नका, पण इंजिन चालू द्या घडीभर. झोपू द्या त्याले." मग इंजिन नुसतंच चालायचं, पट्टा खुंटीला, आणि साळा झोपलेला. लोक डबे घेऊन यायचे आणि विचारायचे, "कोणाचं दळण हाये?" ती सांगायची, "घरचं."

तेल समुद्रात कसं सापडलं, मग काय काय होत गेलं, हा इतिहास माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या माणसाला पाठ आहे, कारण आमच्या घरात दुसरं काही बोललंच जात नसे. सन मला सांगता येणार नाहीत. मी आमच्या घरच्या गोष्टींवरून धरतो. तेल लागलं तेव्हा साळा कारंजाच्या ढाब्यावर ट्रकांचे टायर बदलत होता. रेडिओवर बातमी आली, की मुंबईपासून दूर, जिथून किनारा दिसत नाही अशा ठिकाणी, पाय असलेल्या जहाजानं समुद्राच्या तळाला भोक पाडलं आणि तेल निघालं. हा हातातला पाना ठेवून उठला आणि नागपूरहून मुंबईला चाललेल्या ट्रकात बसला, तो सरळ गेलाच. आईला सांगितलं नाही, बहिणीला सांगितलं नाही. पुढे एक कार्ड आलं, की मी होडीवर खलाशी झालो, काळजी करू नये. माझी घरची म्हणाली, "याले विहिरीत पोहता येत नाई."

सुट्टीत आला की चक्कीत बसून सगळ्यांना सांगायचा. तेल म्हणजे खाली तळं नसतं, म्हणायचा. चुनखडीचा दगड असतो, आणि भिजलेल्या विटेत पाणी राहतं तसं त्यात तेल राहतं. आधी एक मचाण उभं झालं, मग दुसरं, मग पूल टाकून जोडली, मग उत्तरेला वस्ती, दक्षिणेला वस्ती, जसं खेड्याचं शहर व्हावं. पहिल्यानं तेल जहाजात भरून न्यायचे, पुढे समुद्राच्या तळाशी पाइप टाकला तो पार किनाऱ्यापर्यंत. ही सगळी त्याच्या सोयऱ्यांची हकीगत असल्यासारखी तो सांगायचा. शेजारची म्हातारी सूप टेकवून ऐकायची आणि म्हणायची, "एवढं तेल निघून राह्यलं तं कंट्रोलच्या दुकानात घासलेटची लाइन काऊन रे?" हे त्याला फार लागायचं. घासलेट आलं की तो स्वतः दुकानासमोर जाऊन उभा राहायचा आणि डबे घेऊन निघालेल्या लोकांना विचारायचा, "पुरलं न? पुरलं न?" जशी काही त्याच्या घरची पंगत उठत होती. माझ्या इंजिनात डिझेल ओतताना वास घेऊन म्हणायचा, "हे आपलंच हाये." मी म्हणायचो, "अरबाचं का मुंबईचं, वासानं काय समजते बे?" तर म्हणायचा, "गाय आपलं वासरू वासानंच ओळखते, भाटवे."

माझ्या घरचीला या सगळ्यात एकच गोष्ट समजली आणि तिनं तिचा ध्यास घेतला. तिथे गॅस जाळतात, त्यामुळे अंधार होत नाही, तारे दिसत नाहीत. "माय वं," म्हणाली, "मंग पुनव-अमावस कशी समजते?" समजत नसे. त्याचे सण सगळे हुकायचे. म्हणून तिनं ठरवलं, की तो येईल तेव्हा सण. आमची भाऊबीज पौषात झाली आहे, वैशाखात झाली आहे, एकदा राखी आणि संक्रांत एकाच दिवशी झाली आहे. भर उन्हाळ्यात दारात पणत्या लावलेल्या पाहून लोक हसायचे. ती म्हणायची, "हसा. माहा भाऊ घरी हाये, मले दिवाळी हाये."

पहिलं तेल वर यायला लागलं आणि जहाजात भरलं गेलं, त्या दिवशी तिथे सगळ्यांना पेढे वाटले होते. साळ्याच्या तोंडात पेढा होता तेव्हा इकडे कारंजाला घरी त्याची आई वारली. तार मुंबईत पोचली, पण समुद्र खवळलेला, होडी निघेना. तो आला तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यानं पेढा पुन्हा खाल्ला नाही. आणि मरणाची जी भीती त्याच्या डोक्यात बसली ती तेव्हापासूनची. स्वतःच्या मरणाची नाही, ते मला फार मागून समजलं. आपण तिकडे असू आणि इकडे आपलं माणूस जाईल, याची. आता आपलं माणूस म्हणजे उरली होती एक बहीण.

समुद्रातून किनाऱ्यापर्यंत पाइप पोचला, त्या सुट्टीत तो एक गाठोडं घेऊन आला. बहीण विहिरीवर गेलेली पाहून मला चक्कीच्या मागे नेलं.

"भाटवे, हे वर माळ्यावर ठेवजा. उघडजा नका."

"काय हाये?"

"लुगडं हाये. माहेरचं."

आमच्याकडे रीत आहे. सवाष्ण गेली की तिला शेवटचं लुगडं माहेरचं नेसवतात, आणि ते भावानं आणायचं असतं. मला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर माझं डोकं फिरलं.

"अबे गधड्या, बहीण चांगली धडधाकट पाणी भरून राह्यली अन् तू तिचं कफन घेऊन आला?"

"कफन नाई जी. मी इथं असलो तं मी नवं आणतोच. मी तिथं असलो तं?" त्याचे डोळे भरले होते. "जहाज बुडाल्यावर होडी बांधाले घेते का कोणी? होडी आधीच टांगून ठेवा लागते. आईच्या वेळेस मी पोचलो नाई. बाईच्या अंगावर दुसऱ्याचं लुगडं गेलं तं मी काय तोंड दाखवू?"

मी माळ्यावर चढलो. जुन्या पट्ट्यांच्या मागे गाठोडं ठेवून दिलं आणि विसरून गेलो.

ती झाडझूड नाही विसरणारी. पोळ्याच्या आधी ती घरासंगे चक्कीचा माळाही झाडायची. त्या साली पोळ्याला साळा सुट्टी घेऊन बरोबर सकाळी येऊन पोचला. वर्धा स्टेशनावरून एसटीनं आला, बॅग खांद्यावर, आणि दारात त्याची बहीण उभी, ते हिरवं लुगडं नेसून, हातात हिरव्या बांगड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी तिला इतकी चांगली दिसताना आमच्या लग्नानंतर पाहिलं नव्हतं. साळ्यानं बॅग खाली ठेवली आणि त्या बॅगेवरच बसला.

"काय झालं रे?"

"काई नाई. चक्कर आली. एसटीची."

"लुगडं कसं हाये? तूच आणलं न? तुह्या भाटव्यानं माळ्यावर दडवून ठेवलं होतं. म्हटलं, माहेरचं हाये, पोयाले नेसू."

"चांगलं हाये," तो म्हणाला. आवाज विहिरीतून आल्यासारखा.

मग मला इंजिनामागे ओढून नेलं. "काऊन उघडू देलं तुमी?"

"मी कुठं देलं? तिनं झाडलं, तिले सापडलं."

"आता?"

"आता काय? उतरव म्हणू तिले?"

ती अख्खी सुट्टी तो तिच्या मागे मागे होता. विहिरीवर जाऊ देईना, चुलीजवळ बसू देईना, गोठ्यात पाय टाकू देईना. त्याला पक्कं वाटलं, की आपण अपशकुन केला. पोळ्याच्या दिवशी तर त्यानं स्वतःचं हेल्मेट तिच्या डोक्यावर चढवलं आणि शपथ घातली, की काढू नको. हिरवं लुगडं, पिवळं हेल्मेट, अशा थाटात तिनं आम्हाला पुरणपोळी वाढली. बैल घेऊन आलेले लोक ओवाळून घ्यायचं विसरून नुसते पाहत राहिले. बैल मात्र बुजले नाहीत. जाताना साळा मला म्हणाला, "आता पुढचं कधीच काई आणून ठेवणार नाई, भाटवे. कानाले खडा." जगात सगळ्याची आधी तयारी करणाऱ्या माणसानं एवढी एकच तयारी सोडली.

तिला काही झालं नाही. वर्षं गेली. तो आला की ती तेच लुगडं नेसायची, आणि हळूहळू त्याचीही भीती गेली. तेव्हा तिथे तेल फार जोरात निघत होतं, साळा मोठ्या इंजिनांच्या खोलीत लागला होता, आमची सगळ्यांचीच चलती होती. एका दुपारी मी चक्कीचे गुळगुळीत झालेले दगड खरबरीत करायला टाकी लावत बसलो होतो, ती बाजूला चूर झाडत होती, आणि झाडता झाडता म्हणाली, "तुमाले दोघाले मी येडी वाटते का जी?"

"काऊन?"

"गाठोड्यात लुगडं, बांगड्या, हयद-कुंकवाची पुडी. अशी दिवाळी कोण देते? मले पाहताच समजलं, कायचं हाये ते."

माझ्या हातातली टाकी थांबली. "मंग नेसली काऊन?"

"माह्या भावानं एवढ्या दुरून आणलं," ती म्हणाली. "मेल्यावर मले त्याचा रंग दिसणार हाये का?" आणि पुन्हा झाडायला लागली. जरा वेळानं म्हणाली, "त्याले सांगू नका. भेते तो."

तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात साळ्याची सांगण्याची तऱ्हा बदलली होती. आता आधीसारखं तेल आपोआप वर येत नाही, म्हणायचा. आता आत पाणी दाबून भरतात, तेव्हा ते तेलाला ढकलतं. म्हातारी म्हणाली, "पाणी टाकून तेल निघते? मंग माही विहीर सुकली, तिच्यात तेल टाकून पाहू का?" सगळे हसले. तोही हसला, पण पहिल्यासारखं नाही. शेवटी म्हणाला, "माणसाचंबी असंच असते न जी. सुरुवातीले आपोआप येते." माझी घरची म्हणाली, "चूप बस. जेव."

आषाढात तो काट्यावरून उतरून गेला, आणि आठवडा झाला नाही तर ही गेली. सकाळी चूल पेटवताना डोकं धरून खाली बसली. "भवंडून राह्यलं," एवढंच म्हणाली. मी गाडी जुंपायला सांगून परत आलो तोवर काही उरलं नव्हतं. मी लगेच मुंबईला तार केली. तार पोचली, तिथून बिनतारी निरोपही गेला, पण वारा असा, की हेलिकॉप्टर उडेना आणि होडी लागेना. ते सगळं मागून कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं, की तो येत नाही आणि माती थांबत नाही.

बायांनी तिला कडुनिंबाखाली घेतलं. शेजारची म्हातारी माझ्याकडे आली. "बावा, माहेरचं लुगडं?"

"हाये."

मी आत जाऊन पेटीतून ते हिरवं लुगडं काढलं. धुऊन धुऊन विटलेलं, काठाला एका जागी रफू, पदरावर पुरणाचा डाग. बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. एक म्हणाली, "सवाष्णीले जुनेर नेसवता का? बजारातून भावाच्या नावानं नवं आणा. चालते तसं."

"चालते ते तुमच्या घरी," मी म्हणालो. "हे तिच्या भावानं आणेल हाये. हेच नेसवा." मी तसा तोंडाचा वाईट माणूस, पण बायांशी कधी वरच्या आवाजात बोललो नव्हतो. म्हातारीनं माझ्या हातातून लुगडं घेतलं आणि कोणाला काही बोलू दिलं नाही.

तो आला तेव्हा आम्ही राख सावडून परतलो होतो. घरात आला नाही. बॅग खांद्यावर, डोक्याचे केस समुद्राच्या खाऱ्या पाण्यानं चिकटलेले, बगलेत वर्ध्याच्या बजारातून घेतलेलं नवं लुगडं कागदात बांधून. कडुनिंबाखाली जाऊन उभा राहिला. बोट वर केलं नाही, मोजलं नाही, नुसता घराकडे पाहत उभा. मी उठलो आणि त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. या वेळी उशीर केला नाही. म्हैस होतीच.

घराकडे पाहतच म्हणाला, "कोणतं नेसवलं, भाटवे?"

"पोयाचं. तू आणलेलं."

"जुनं?"

"जुनंच." मग मी त्याला सांगितलं. सांगू नका म्हणाली होती, पण ते तो भेते म्हणून. आता भ्यायचं काय राहिलं होतं? टाकी लावताना ती जे बोलली ते मी जसंच्या तसं सांगितलं.

तो ऐकत राहिला. "मंग मी तिच्या मागं मागं ते पिवळं टोपडं घेऊन फिरलो, ते?"

"तेबी तिले मालूम होतं."

त्याच्या तोंडातून एक आवाज निघाला. हसला का रडला मला सांगता येणार नाही. कागदातलं लुगडं छातीशी धरून तो निंबाच्या बुंध्याला टेकून खाली बसला, आणि जेवला नाही, आत आला नाही, रातभर तिथेच बसून होता. डोळे उघडे. गाव सगळं शांत, आणि त्याला शांततेची भीती.

सकाळी उजाडल्यावर मी चक्कीचं दार उघडलं. सुतकात चक्की चालवत नाहीत, हे मला कोणी शिकवायला नको. आधी पट्टा उतरवून खुंटीला अडकवला. टाकीत डिझेल ओतलं. पावसाळी हवेनं इंजिन गारठलं होतं, हँडल मारलं तर धरेना. पुन्हा मारलं. दम खाल्ला, पुन्हा मारलं, तेव्हा एकदाचं पुक् पुक् सुरू झालं. मी बाजूला रिकामी पोती अंथरली. मागे वळून पाहतो तर साळा दारात. काट्याला खांदा लागून पारडं हललं, तेवढं त्यानं हातानं धरून थांबवलं. पोत्यांवर आडवा झाला, ते कागदातलं लुगडं डोक्याखाली घेतलं आणि डोळे मिटले.

आवाज ऐकून शेजारची म्हातारी काठी टेकत आली. "काय बावा, सुतकात? कोणाचं दळण हाये?" मग तिनं खुंटीवरचा पट्टा पाहिला आणि पोत्यांवर झोपलेल्याला पाहिलं.

"घरचं हाये," मी म्हणालो.

ती उंबऱ्यावर बसली. मी टाकीत आणखी डिझेल ओतलं.